स्मिता पाटील : दुसऱ्याचे जगणे समजून घेणारी अदाकारी

“सर, पोरीला शिकवा, हवं तेवढं रागवा, आमचं काही म्हणणं नाही. फक्त तिला नाटकात घेऊ नका.”

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. जामनेरच्या आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी चालली होती. दुपारच्या सुट्टीत नववीतल्या एका विद्यार्थिनीचे अब्बा आले आणि उभ्या उभ्याच हे बोलले. आम्ही त्यांना बसवले, चहा मागवला. माणूस अदबीचा होता, आवाज चढवणारा नव्हता. त्यांचे म्हणणे सरळ होते. नाटक म्हणजे नखरे. आज पोरगी शाळेच्या स्टेजवर उभी राहील, उद्या कोणाच्या तरी मोबाईलमध्ये तिचा व्हिडिओ फिरेल, परवा रिश्ता पाहायला आलेले लोक तोच व्हिडिओ दाखवून प्रश्न विचारतील.

त्या वेळी आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. आम्ही “बघू” म्हणालो आणि ते निघून गेले. पण “नाटक म्हणजे नखरे” हे वाक्य डोक्यातून जाईना. खरेच तसे आहे का? अदाकारी म्हणजे फक्त नटणे-मुरडणे का? विचार करता करता आम्हाला आपल्या खान्देशच्याच एका मुलीची आठवण झाली. तिने नटण्या-मुरडण्याशिवाय अभिनय करून दाखवला आणि आमच्या मते आपल्या घरांतल्या बायकांचे दुःखही पडद्यावर मोठ्या अदबीने मांडले. ती म्हणजे स्मिता पाटील.

कुटुंबाच्या मासिकात नटीवर लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना विनंती एवढीच की लेख शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

शिरपूरचे घराणे

स्मिता पाटील यांचा जन्म 17 ऑक्टोबर 1955 रोजी पुण्यात झाला. पण घराणे आपल्या खान्देशातले. वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे स्वातंत्र्यसैनिक, शिरपूर भागाचे राजकीय नेते आणि पुढे महाराष्ट्राचे मंत्री. आई विद्याताई परिचारिका आणि समाजसेविका. घरात तीन बहिणी. राजकारण आणि समाजकार्य या घरात रोजच्या जेवणाइतके नेहमीचे होते. लहानपणापासून राष्ट्र सेवा दलाशी संबंध आला, कलापथकातून गाणी-नाटके झाली. पुण्याच्या रेणुका स्वरूप शाळेत शिक्षण झाले.

म्हणजे ही मुलगी काही श्रीमंत फिल्मी घरातून आलेली नव्हती. तिने घरात पाहिले ते रुग्णालयातून थकून येणारी आई आणि गावोगावची माणसे घेऊन बसणारे वडील. स्मिताच्या अभिनयाची खरी शाळा हीच असावी, असे आम्हाला वाटते. ज्या घरात माणसे सतत आपली गाऱ्हाणी घेऊन येतात, त्या घरातल्या मुलांना ऐकायची सवय लागते.

ना नाट्यशाळा, ना फिल्म इन्स्टिट्यूट

मुंबई दूरदर्शन सुरू झाले 1972 साली. त्यानंतर थोड्याच काळात स्मिता तिथे मराठी बातम्या वाचू लागली. जीन्सवरच घाईघाईने साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यापुढे बसायची, हा किस्सा खूप जणांनी सांगितला आहे. सावळा रंग, मोठे डोळे, दागिना नाही, रंगरंगोटी नाही. त्या काळच्या सिनेमाला गोरीगोमटी नायिका लागत असे. सावळ्या मुलींना पडद्यावर जागा नव्हती. आजही आपल्याकडे रिश्ता बघताना पहिला प्रश्न रंगाचाच निघतो, हे वाचकांना सांगायला नको.

पण दिग्दर्शक श्याम बेनेगल यांना त्याच चेहऱ्यात काहीतरी दिसले. त्यांनी 1975 साली ‘चरणदास चोर’ या मुलांच्या चित्रपटात तिला घेतले. हबीब तन्वीर यांच्या गाजलेल्या नाटकावरचा हा चित्रपट. त्याच वर्षी ‘निशांत’ आला आणि पुढच्या वर्षी ‘मंथन’.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तिच्या बरोबरीची बहुतेक कलावंत मंडळी अभिनयाचे रीतसर शिक्षण घेऊन आली होती. शबाना आझमी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्या. नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आणि नंतर पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधून तयार झालेले. स्मिताकडे असे कोणतेही प्रमाणपत्र नव्हते. आम्ही बी. एड. झालेले शिक्षक, प्रमाणपत्राची किंमत आम्हाला ठाऊक आहे. पण वर्गात उभे राहिल्यावर हेही कळले आहे की काही गोष्टी प्रमाणपत्राने येत नाहीत. समोरच्या माणसाकडे नीट बघण्यानेच त्या येतात. स्मिताने तेच केले.

नायिका कुठे आहे?

‘मंथन’ हा गुजरातमधल्या दूध सहकारी चळवळीवरचा चित्रपट. पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन तो उभा केला. संवाद कैफी आझमी यांचे. स्मिताने त्यात बिंदू ही गावातली दूधवाली रंगवली. त्या चित्रीकरणाची एक आठवण नेहमी सांगितली जाते. शूटिंग बघायला आलेली काही मुले विचारू लागली, “हिरोईन कुठे आहे?” गावातल्या बायकांच्या घोळक्यात बसलेल्या स्मिताकडे कोणीतरी बोट दाखवले, तर त्यांचा विश्वासच बसेना. त्यांना ती गावातलीच एक बाई वाटली.

‘मंथन’ पाहताना आम्हाला जाणवते ते हे की बिंदूचे काम तिच्या अंगात मुरलेले आहे. म्हशीजवळ बसणे, भांडे उचलणे, डोक्यावरचा पदर सावरत बोलणे, यांतले काहीही “करून दाखवल्यासारखे” वाटत नाही. गरीब बाईचे काम करायचे म्हणून चेहरा केविलवाणा करावा लागतो, असे तिला वाटत नव्हते. बिंदू गरीब आहे, पण तिला अक्कल आहे, राग आहे, थट्टा करण्याची हौस आहे. गरिबी हा माणसाचा स्वभाव नसतो, हे स्मिताला बरोबर कळले होते.

दुसरे उदाहरण ‘जैत रे जैत’. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरचा हा मराठी चित्रपट 1977 साली आला. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. मूळचे पंढरपूरचे, पेशाने लहान मुलांचे डॉक्टर. आपल्यातला एक माणूस मराठी नाटक-सिनेमाच्या पहिल्या ओळीत जाऊन बसला, याचा आम्हाला नेहमी अभिमान वाटतो. गाणी लिहिली ना. धों. महानोर यांनी. महानोर म्हणजे आमच्या शेजारच्या सोयगाव तालुक्यातील पळसखेड्याचे शेतकरी कवी. या चित्रपटात स्मिताने ठाकर समाजातली चिंधी उभी केली. डोंगर चढणारी, पायांत वहाण नसलेली, कोणाचे ऐकून न घेणारी बाई. शहरात वाढलेल्या मुलीने ती चाल कुठून आणली असेल? चाल बसल्या जागी सुचत नाही, ती पाहून पाहून उचलावी लागते.

आणि तिसरे ‘चक्र’. जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरचा चित्रपट. मुंबईच्या झोपडपट्टीत मुलाला घेऊन जगणारी अम्मा. या भूमिकेसाठी स्मिता झोपडपट्ट्यांमधून हिंडली, तिथल्या बायका कशा राहतात ते पाहिले. या कामाबद्दल तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो तिचा दुसरा. पहिला ‘भूमिका’साठी मिळाला होता.

तिची रीत यातून दिसते. आधी त्या बाईचे काम बघायचे, तिचे हात बघायचे. चेहऱ्यावरचे भाव मग आपोआप येतात.

खैरुन आणि नजमा

आता आपल्या घरांशी थेट नाते असलेल्या दोन भूमिकांकडे येऊ.

मुजफ्फर अली यांचा ‘गमन’ 1978 साली आला. अवधच्या एका गावातला गुलाम हसन कामासाठी मुंबईला येतो आणि टॅक्सी चालवू लागतो. ही भूमिका फारूक शेख यांची. त्याची बीबी खैरुन गावातच राहते. ही खैरुन म्हणजे स्मिता. चित्रपटाचा मोठा भाग गुलाम हसनच्या मुंबईचा आहे. खैरुनच्या वाट्याला संवाद फार थोडे. ती घर सांभाळते, सासूचे करते आणि वाट बघते. बस्स.

पण आमच्या खान्देशातल्या कोणत्याही मुस्लिम मोहल्ल्यात जा, खैरुन भेटेल. कोणाचा शौहर सुरतला, कोणाचा भिवंडीला लूमवर, कोणाचा आखाती देशात. ईदला येईल म्हणतो आणि येत नाही. फोनवर दोन मिनिटे बोलतो, त्यातही पैशांचाच हिशेब. ‘गमन’च्या शेवटी गुलाम हसन स्टेशनपर्यंत येतो, पण गाडीत चढत नाही. भाड्यातच पैसे संपले तर घरी काय घेऊन जायचे? स्मिताने खैरुनच्या न बोलण्यात ही सगळी वाट भरून ठेवली आहे. आम्ही हा चित्रपट घरी पाहिला तेव्हा आमच्या खाला सोबत होत्या. खालूजान तेरा वर्षे बाहेरदेशी होते. चित्रपट संपल्यावर खाला काही बोलल्या नाहीत, उठून वुजू करायला गेल्या. आम्हीही काही विचारले नाही.

दुसरी भूमिका नजमाची. सागर सरहदी यांचा ‘बाजार’ 1982 साली आला. कथा हैदराबादची. खाडी देशात पैसा कमावलेला एक वयस्कर माणूस तिथे कोवळ्या वयाची दुल्हन शोधतो आहे. गरीब घरांतले आई-बाप नाइलाजाने, लाजेने, कर्जापायी मुली दाखवायला तयार होतात. दुल्हन शोधून देण्याच्या कामात नजमा ओढली जाते, कारण तिच्या स्वतःच्या लग्नाची गोष्ट त्याच श्रीमंताच्या मर्जीशी बांधली गेली आहे. शेवटी निवड होते शबनमची. ही भूमिका सुप्रिया पाठक यांची. शबनमचे प्रेम मोहल्ल्यातल्या सरजूवर आहे. सरजू पुन्हा फारूक शेखच. शबनमचा शेवट काय होतो, ते पाहिलेल्यांना माहीत आहे. न पाहिलेल्यांनी पाहावे.

नजमाची भूमिका अवघड का? कारण नजमा खलनायिका नाही आणि निर्दोषही नाही. ती स्वतः पिचलेली आहे, तरी दुसऱ्या मुलीच्या बरबादीत तिचा हात आहे. एखादी नटी अशा वेळी प्रेक्षकांची सहानुभूती मिळवण्यासाठी रडून मोकळी झाली असती. स्मिताने नजमाला तशी सूट दिली नाही. आपण काय करून बसलो, हे नजमाला हळूहळू कळत जाते आणि स्मिता ते कळणे आपल्याला पायरी पायरीने दाखवते. शेवटी नजमा स्वतःला गुन्हेगारांत मोजते.

‘बाजार’ येऊन चाळीस वर्षे उलटली. निकाहात मुलीची रजामंदी ही शर्त आहे, हे आपल्यातल्या लहान मुलालाही माहीत असते. पण त्या एका “कबूल”च्या आधी घरात काय काय घडते? मुलगी गप्प राहिली की आपण तिला राजी समजतो. “चांगले घर आहे, मुलाचे वय थोडे जास्त आहे, पण पैसा आहे” हे वाक्य आम्ही स्वतः आमच्या कानांनी ऐकले आहे. तेही दहावीच्या निकालाच्या आठवड्यात, चांगले गुण मिळालेल्या मुलीच्या घरी. तेव्हा आम्ही पेढा खाऊन परत आलो, बोललो काहीच नाही. आज लिहिताना तो पेढा आठवतो. नजमासारखेच आम्हीही त्या बाजारात एका कोपऱ्यात उभे होतो.

त्या अब्बांची भीती खोटी नव्हती

स्मिताची तारीफ करताना सिनेमाच्या दुनियेची तारीफ करायचा आमचा इरादा नाही. ती दुनिया बायकांशी कशी वागते हे स्मिताच्याच ‘भूमिका’मध्ये दिसते. हा 1977 सालचा चित्रपट जुन्या काळच्या मराठी अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला. त्यातली उषा लहानपणीच सिनेमात येते, घर चालवते, आणि तिच्या कमाईवर नवरा जगतो. एका श्रीमंत माणसाकडे आसरा घ्यावा तर तो वाड्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. पोरसवदा वयापासून थकलेल्या बाईपर्यंतचा प्रवास स्मिताने एकाच चित्रपटात दाखवला, तेव्हा तिचे स्वतःचे वय बावीसच्याही आत होते.

‘चक्र’च्या जाहिरातीत तिच्या आंघोळीचे दृश्य वापरले गेले. त्यावर तिने मुलाखतीत स्पष्ट नाराजी सांगितली. तिचे म्हणणे असे की चित्रपट चालायचा असेल तर तो त्याच्या खरेपणावर चालेल. बाईचे अंग दाखवून लोक जमवणे हे प्रेक्षकांवर लादलेले आहे. हे म्हणायला धैर्य लागते, कारण ज्यांच्यावर टीका करायची त्यांच्याच हातात काम असते.

पुढे तिने ‘नमक हलाल’, ‘शक्ती’ असे मोठे व्यावसायिक चित्रपटही केले. यावर काहींनी नाके मुरडली. तिने कारण लपवले नाही. लहान सिनेमासाठी तिने वर्षानुवर्षे मोठी कामे नाकारली, आणि मग त्याच लहान सिनेमाला नामवंत चेहरे हवे झाले तेव्हा तिला काही चित्रपटांतून वगळण्यात आले. तेव्हा तिने ठरवले की नाव हवे आहे ना, मग नाव कमावून दाखवू. त्यातली काही कामे तिला स्वतःलाही रुचली नव्हती. तिला फरिश्ता ठरवण्याची गरज नाही. काम करणाऱ्या बाईला जे हिशेब करावे लागतात, ते तिलाही करावे लागले.

याच काळात तिने जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ केला. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा, विजय तेंडुलकर यांनी लिहिलेला. यातली सुलभा शिकलेली आहे, खात्यापित्या घरची आहे. महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून काम करायला ती घराबाहेर पडते आणि परत येते तेव्हा घर तिचे राहिलेले नसते. बिंदू, अम्मा, चिंधी यांच्याहून ही बाई अगदी वेगळी. पण रीत तीच. सुलभाचे ऑफिसात बसणे, फायली हाताळणे, आश्रमातल्या बायकांचे ऐकून घेणे, सगळे कामाच्या माणसासारखे. पडद्याबाहेरही स्मिता मुंबईतल्या वुमेन्स सेंटर या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी जोडलेली होती. सुलभाचे जग तिला अनोळखी नव्हते.

अबू मियाँचा दरवाजा

केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’ हा तिच्या अखेरच्या महत्त्वाच्या चित्रपटांपैकी एक. चुनीलाल मडिया यांच्या ‘अभु मकराणी’ या गुजराती कथेवर तो बेतला आहे. इंग्रजी अमलातला सुभेदार गावात येतो आणि त्याची नजर सोनबाईवर पडते. सोनबाई त्याला थप्पड मारून मिरचीच्या कारखान्यात शिरते. तिथला म्हातारा पहारेकरी अबू मियाँ, म्हणजे ओम पुरी, दरवाजा लावून घेतो. गाव म्हणते, एका बाईपायी सगळ्यांवर संकट कशाला? तिला देऊन टाका. आत अडकलेल्या काही बायकाही तेच म्हणतात. अबू मियाँ मात्र हलत नाही.

आमच्या नंदुरबारचा मिरची बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा चित्रपट पाहताना नाकाशी झणका येईल. लाल मिरचीचे ढीग, तोंडाला बांधलेले पदर, देठ खुडून खुडून आग होणारी बोटे. स्मिताची सोनबाई त्या बायकांतलीच एक वाटते. अबू मियाँ नमाजी आहे, एकटा आहे, आणि तिचा कोणी लागत नाही. तरी दरवाजा उघडायचा नाही एवढे त्याला पक्के माहीत आहे. आपल्या समाजातल्या म्हाताऱ्या माणसाचे इतके इज्जतदार चित्र हिंदी पडद्यावर फार कमी वेळा आले असेल. मुलींची हिफाजत म्हणजे त्यांना कोंडणे नव्हे. जुलूम करणारा आला की त्याच्या तोंडावर दरवाजा लावणे ही हिफाजत, असे आम्ही या चित्रपटातून समजलो.

पंधरा दिवस

‘मिर्च मसाला’ 1987 साली लोकांसमोर आला. तो पाहायला स्मिता नव्हती. 28 नोव्हेंबर 1986 रोजी तिला मुलगा झाला आणि 13 डिसेंबरला, बाळंतपणातून उद्भवलेल्या आजारात, ती गेली. वय 31. जेमतेम बारा वर्षांच्या कारकिर्दीत ऐंशीच्या आसपास चित्रपट, दोन राष्ट्रीय पुरस्कार, 1985 साली पद्मश्री. आणि शेवटी बाळ अवघ्या पंधरा दिवसांचे.

मुंबईत राहणाऱ्या, नामांकित बाईवर ही वेळ येते, तर आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या बाळंतिणींचे काय? आपल्याकडे चिल्ल्यात, सव्वा महिन्यात, बाळंतिणीचे लाड होतात, अछवानी होते, शेक होतो. पण तिला ताप आला तर “हवा लागली” म्हणून दोन-तीन दिवस घरातच काढले जातात. या लेखाच्या निमित्ताने घरातल्या जाणत्या बायकांना आमची कळकळीची विनंती आहे. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत ताप किंवा थंडी वाजणे, खूप रक्त जाणे, अंगावरून जाण्याला घाण वास येणे, पोटात जोरात दुखणे, धाप लागणे, खूप डोके दुखणे किंवा नजर धूसर होणे, झटके येणे, यांतले काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात न्या. दुआ करा, पण गाडीत बसून करा.

कापूस कसा वेचतात

आता पुन्हा आमच्या शाळेत येऊ.

त्या अब्बांना आम्ही पुन्हा भेटायला बोलावले नाही. घराचा निर्णय घराचा असतो. व्हिडिओची त्यांची भीती मात्र आम्ही मुख्याध्यापकांपुढे ठेवली आणि संमेलनात मोबाईलवर चित्रण करायला बंदी घातली. ती खरे तर आधीच घालायला हवी होती. तरीही त्यांनी मुलीला परवानगी दिली नाही. तिची भूमिका दुसऱ्या मुलीला दिली.

नाटिका कापूस वेचणाऱ्या एका आईवर होती. नवी मुलगी चांगली होती, आवाज खणखणीत. पण वेचणी करताना ती बाग-बगिच्यात फुले तोडल्यासारखे हात हलवायची. आम्हाला ते खटकत नव्हते, कारण आम्ही तरी कुठे कापूस वेचला आहे? पहिली मुलगी तालमीला कोपऱ्यात बसून होती. ती उठून आली आणि म्हणाली, “सर, अशी नाही वेचत.” मग तिने दाखवले. कंबरेला झोळी कशी बांधायची, एका हाताने फांदी जवळ ओढून दुसऱ्याच्या तीन बोटांनी बोंडातून कापूस कसा उपसायचा, वाळलेल्या बोंडाची टोके टोचतात म्हणून बोट कोणत्या बाजूने घालायचे, झोळी भरत गेली की कंबर कशी एका अंगाला कलते. आणि संध्याकाळी वजन होताना अम्मी काट्याकडे कशी बघते, तेही. तिची अम्मी दिवाळीच्या सुमारास रोज सकाळी टेम्पोत बसून वेचणीला जाते. आम्ही तिला दोन वर्षे शिकवत होतो, आम्हाला हे ठाऊक नव्हते.

पुढचे आठ दिवस तीच नव्या मुलीला शिकवत राहिली. संमेलनाच्या दिवशी ती पडद्यामागे होती, सामानाची जबाबदारी घेऊन. समोर बसलेल्या आयांमध्ये सुरुवातीला गडबड होती, पोरे रडत होती. वजनकाट्याचा प्रसंग आला तेव्हा पुढच्या दोन-तीन ओळींतल्या बायका गप्प झाल्या. एकीने शेजारणीचा हात धरला.

स्मिता पाटील यांचे नाव त्या मुलीने तोवर ऐकलेलेही नव्हते. पण ‘मंथन’च्या गावात बायकांच्या घोळक्यात बसलेली ती अभिनेत्री जे करत होती, तेच ही मुलगी आपल्या अम्मीकडे बघून करत आली होती. ती स्टेजवर आली असती तर बरे झाले असते की नाही, यावर आमचे आणि तिच्या अब्बांचे मत आजही वेगळे आहे. रस्त्यात भेटतात, सलाम-दुआ होते, चहाही होतो. यंदाच्या संमेलनाचा विषय अजून आम्ही काढलेला नाही. पण काढणार आहोत. त्याआधी ‘मिर्च मसाला’ आमच्या घरी, दोन्ही कुटुंबांनी मिळून बघावा, असे त्यांना सांगायचे मनात आहे. अबू मियाँ त्यांना आवडेल, असे आमचे मन सांगते.